तिसऱ्या सीडीतला उखाणा

वारूळवाडीच्या गोरखला लोक अजून ‘शूटिंगवाला’च म्हणतात, पण त्याला कोणी लग्नाच्या शूटिंगला बोलावून बरीच वर्षं झाली. आता लग्नाला पोरं येतात. त्यांचे कॅमेरे आभाळात उडतात, आणि नवरानवरी मांडवात कमी अन् धरणाच्या काठावर जास्त सापडतात. गोरखच्या काळात असले नखरे नव्हते. खांद्यावर एक कॅमेरा, त्याच्या डोक्यावर एक दिवा, आणि त्या दिव्याच्या झोतात डोळे बारीक करून जेवणारी पंगत. जुन्नर-आंबेगावात अशी आळी नसेल जिथल्या पंगतीतून गोरखचा दिवा फिरला नाही. घास हातात धरून लोकांनी त्याला शिव्या घातल्या. त्याने त्या शिव्या खाल्ल्या आणि वर बुंदीही खाल्ली.

आज त्याच्या दुकानात झेरॉक्स आहे, पासपोर्ट फोटो आहे, आणि एक धंदा असा आहे की त्याची पाटी नाही. मेलेल्या सीड्या जिवंत करायच्या. एके काळी ह्याच गोरखने गावोगाव सांगितलं होतं, “कॅसेटला बुरशी येती, राव. सीडीला काय व्हत न्हाई. नातवंडं बघतील तुमची.” नातवंडं झाली, आणि त्यांनी बघायच्या आत सीड्या गेल्या. कोणाची ट्रंकेत घामेजली, कोणाची पोराने फरशीवर भिंगरीसारखी फिरवली. मग लोक त्या फडक्यात गुंडाळून गोरखकडे यायला लागले. त्याला एक गोष्ट लवकर कळली, की सगळी माणसं जिवंत असलेली सीडी कोणी दुरुस्तीला आणत नाही. कोणीतरी गेलेलं असतं, म्हणूनच ती ट्रंकेतून वर येते. त्यामुळे त्याच्या काउंटरपाशी कोणी हसत आलेलं त्याला आठवत नाही, आणि हसत गेलेलीही माणसं थोडीच.

बानूबाई दसरा झाल्यावर आली. घोडेगावच्या वरच्या अंगाची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. घोडेगावहून मंचर, मंचरहून नारायणगाव अशा दोन गाड्या बदलून ती उतरली होती आणि तिथून रस्त्याने विचारत विचारत वारूळवाडीतलं दुकान शोधत आली होती. खणाच्या तुकड्यात बांधलेली सीडी तिने काउंटरवर ठेवली.

“तूच ना रं गोरख? माझ्या उज्ज्वलाच्या लग्नात तूच व्हतास शूटिंगला. मढला तिच्या सासरी वरातीबरुबर गेलतास.”

गोरखला उज्ज्वला आठवली नाही. शेकड्यांनी लग्नं केलेल्या माणसाला नवऱ्या आठवत नाहीत. पण सीडीवरचा कागद त्याचाच होता. मध्ये भोक, एका बाजूला नवरीचा फोटो, दुसऱ्या बाजूला नवऱ्याचा, खाली गुलाबाची फुलं. सेटमधली तिसरी सीडी. पहिलीत हळद, दुसरीत लग्न, तिसरीत वरात आणि गृहप्रवेश. नवरीचा फोटो धड होता. नवऱ्याच्या तोंडाच्या जागी मात्र नुसती खरड होती, कागद फाटून आत भोकं पडलेली.

“ह्ये काय केलंय, मावशे?”

“त्याचं थोबाड फोडलंय,” बानूबाई सहज म्हणाली. “दाभणानं.”

मग तिने सांगितलं. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी उज्ज्वलाला कावीळ झाली. सासरच्यांनी गळ्यात मुळ्यांची माळ बांधली आणि दवाखाना लांबवला. माहेरी कळवायलाच उशीर केला. बानूबाई पोचली तेव्हा पोरगी ओळखत नव्हती. आणि वर्ष व्हायच्या आत जावयाने दुसरी आणली. ती बातमी आली त्या दिवशी बानूबाईने घोंगडी शिवायचं दाभण घेतलं आणि जावयाचा फोटो उकरून काढला.

“तिला धक्का न्हाई लागू दिला मी. बघ, तिचा फोटू जसाच्या तसा हाय.”

गोरखने सीडी उजेडाकडे धरली. दाभणाच्या भोकांतून पलीकडचा रस्ता दिसत होता. लोकांना वाटतं, सगळं खालच्या चकचकीत बाजूला असतं. म्हणून तिला जपतात आणि वरच्या बाजूवर नावं कोरतात, कागद चिकटवतात. खरं उलटं आहे. खालची बाजू नुसती जाड काच असल्यासारखी. तिच्यावर ओरखडा आला तर टूथपेस्ट लावून घासता येतो. लग्न असतं ते वर, कागदाच्या लगेच खाली, चमकीच्या एका पातळ पापुद्र्यात. तिथे दाभण गेलं की तिथलं गेलंच.

हे तिला सांगायचं की नाही? गोरखचा स्वभाव तसा फटकळ. त्याने सांगून टाकलं. आणि वर हेही, की सीडी गरागरा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्याला मशीनच्या उजेडाला ह्या जावयाच्या थोबाडावरून जावंच लागतं.

बानूबाईने सीडीवरच्या एका भोकावर बोट ठेवलं. “म्हंजी त्याला मारायला गेले आणि तिलाच लागलं.”

गोरखला आपलं तोंड आवरलं नाही याचा राग आला. त्याने विचारलं, “मावशे, नेमकं काय पायजे तुला ह्यातलं?”

“आवाज,” ती म्हणाली. “चित्र न्हाई दिसलं तरी चालंल, फोटू हाईत घरात. मला तिचा आवाज आठवंना झालाय, बाबा. काय म्हणायची, कशी म्हणायची, समदं आठवतं. पण कानात येत न्हाई. उखाणा शिकवला व्हता मी तिला. लाजरी लई, दहादा म्हणून घेतला. सासरच्या उंबऱ्यावर तिनं त्यो घेतला तवा मी न्हवते तिथं, आई जात न्हाई ना पोरीच्या मागं. ह्यात असंल बघ. तेवढा काढून दे.”

त्या घरात सीडी लावायचं मशीन कधीच नव्हतं. लग्नानंतर शेजारच्या गावात एकदा कोणाकडे तरी पहिली सीडी बघितली होती, तेवढ्यात लाइट गेली. तिसरी कधी लागलीच नव्हती. उज्ज्वला गेल्यावर बघायची छाती झाली नाही, आणि आता छाती झाली तर ही अशी.

गोरखने तिला शेजारी बसवून मशीनवर सीडी चढवली. वरात आली, टेम्पो आला, मढच्या वेशीतली कमान आली. दारात माप ठेवलेलं दिसलं. दारात आडव्या उभ्या राहिलेल्या बायका दिसल्या, नवरीची मुंडावळी हलताना दिसली. आणि हिरवे-जांभळे चौकोन पसरले. मशीनने किर्र केलं आणि मुकाट झालं.

“काय झालं?”

“वाचता येईना त्याला.”

तो तिला समजावत बसला. मशीन काही शब्द वाचत नाही, चित्रही वाचत नाही. ते नुसता उजेड टाकतं आणि परत आलेला उजेड बघतं, कुठे उजळ, कुठे मंद. त्या उजळ-मंदातून सगळं लग्न उभं राहतं. पण नव्या सीडीतसुद्धा ते स्वच्छ येत नाही. दोन खुणा जवळ असल्या की एकीची सावली दुसरीवर पडते. सीडी जरा वाकली की खूण ओढल्यासारखी होते. त्यात मशीनची स्वतःची खरखर असतेच. एकेका खुणेपाशी त्याला ठरवावं लागतं, की ही खरी का नुसता भास.

“अंधारून आल्यावर मेंढरू वळखायचं तसं,” बानूबाई म्हणाली.

“तसंच. थोडं चुकलं तर त्येला सावरून घेता येतं, तशी सोय असती सीडीतच. जास्त चुकलं तर आजूबाजूचं बघून अंदाजानं भोक बुजवतं. आणि लईच झालं की हात वर करतं.”

“मग आता?”

आता एकच वाट होती. गोरख प्रत्येक लग्नाचे दोन सेट द्यायचा, एक मुलीकडे, एक मुलाकडे. दोन्ही सीड्या एकाच मुशीतल्या. ह्या सीडीत जिथे भोक, तिथे मुलाकडची सीडी धड असली, तर इकडचं आणि तिकडचं जोडून पूर्ण करता आलं असतं. त्याने हे म्हटल्याबरोबर बानूबाईचा चेहरा दगड झाला.

“त्या दारात मी पाय ठिवायची न्हाई. मेले तरी.”

“मी जातो,” गोरख म्हणाला. का म्हणाला कोण जाणे. धंद्यात असं वागून चालत नाही.

मढला बानूबाईच्या जावयाचं, बाळासाहेबाचं, घर शोधायला वेळ लागला नाही. जावई चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बोलायला गोड. त्याने खुर्ची टाकली, नव्या बायकोला चहा ठेवायला सांगितलं. नवी म्हणायची, पण तिलाही आता चौदा वर्षं झाली होती. गोरखने सीडीचं काढलं तसा तो डोकं खाजवायला लागला.

“ती व्हय? थांबा पावणं, वावरात असंल.”

वावरात? गोरखला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण बाळासाहेब त्याला खाचराकडे घेऊन गेला. भात पिवळं पडत आलं होतं आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. बांधावर काठ्या रोवून त्यांना दोऱ्या बांधल्या होत्या, आणि दोऱ्यांवर सीड्या लटकत होत्या. सिनेमांच्या, भजनांच्या, कुठल्याशा बियाणं कंपनीच्या. वारा आला की त्या वळायच्या आणि भातावर उजेडाचे तुकडे फिरायचे.

“लई उपेग व्हतो,” बाळासाहेब कौतुकाने म्हणाला. “पाखरू बसत न्हाई.”

उज्ज्वलाच्या पहिल्या दोन सीड्या पुढच्याच काठीला एकेकट्या टांगलेल्या होत्या. उन्हाने त्या विटून पांढुरक्या पडल्या होत्या. त्यांच्यात आता कोणाची हळद नव्हती की लग्न नव्हतं. तिसरी मात्र कोणीतरी आळसाने चार-पाच सीड्यांच्या चळतीत बांधली होती, आणि ती बरोब्बर मधोमध आली होती. दोन्ही अंगांनी घासली होती, कडेला फिकटली होती, पण उन्हाने तिला पुरतं गाठलं नव्हतं. त्या घरात तिच्यासाठी झालेली चांगली गोष्ट ही एवढीच, आणि तीही आळसामुळे.

दोरी सोडताना गोरखने विचारलं, “भाऊ, उंबऱ्यावर तिनं उखाणा घेतला व्हता. काय घेतला, आठवतंय का?”

“आता कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय, राव?” बाळासाहेब हसला. मग जरा थांबून म्हणाला, “बाया लई हसल्या व्हत्या, एवढं आठवतंय.”

निघताना तो म्हणाला, “गोरखभाऊ, तुमच्याकडं खराब सीड्या लई असतील. ह्या काठीला एखादी द्या की पाठवून. जागा रिकामी झाली, पाखरं बसत्याल.” गोरखने दुसऱ्याच दिवशी एसटीतून पाच पाठवून दिल्या. नसत्या पाठवल्या तर तो फोन करून आणखी काही बोलला असता, आणि ते ऐकायची गोरखची इच्छा नव्हती.

पुढचा आठवडा दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं परत गेली. गोरख मागच्या खोलीत होता. मढची सीडी त्याने टूथपेस्टने घासली, पुसली, परत घासली. नवं मशीन घाई करतं आणि लवकर हरतं, म्हणून त्याने माळ्यावरचं जुनं, संथ मशीन काढलं. ते तेच ते ठिकाण पुन्हा पुन्हा वाचायचं. एकदा एक उत्तर द्यायचं, पुढच्या वेळी दुसरं. ज्या जागी दहांतून आठ वेळा एकच उत्तर आलं ती जागा खरी मानायची. कडेचा फिकटलेला भाग बानूबाईच्या सीडीतून, दाभणाच्या भोकांतला भाग मढच्या सीडीतून. जुळवता जुळवता त्याची मान आखडली. बायको निर्मला जेवायला हाका मारून दमली. “कोण लागती तुमची ती?” तिने विचारलं. गोरखने मान न वळवताच सीडी परत चढवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आपला धंदा धंद्यासारखा वाटत नव्हता.

शनिवारी दुपारी उंबऱ्याचा भाग पुरा झाला. एक चौकोन नाही, एक ठिपका नाही. त्याने हेडफोन लावला आणि सुरू केलं.

सनई वाजली. मग ढोलक, आणि मग त्या वर्षी गावागावांत गाजलेलं सिनेमातलं एक गाणं. माप होतं, बायका होत्या, मुंडावळ्यांखाली सतराअठरा वर्षांच्या पोरीचा घामेजलेला चेहरा होता. तिने मान वर केली, ओठ हलवले, बराच वेळ हलवले. आणि गाणं चालूच होतं. गाण्याखाली काहीही नव्हतं.

गोरखने हेडफोन काढून ठेवला. मशीनने आपलं काम चोख केलं होतं. सीडीत जे होतं ते पै न् पै वर आलं होतं. आवाजच तेवढा तिच्यात कधी नव्हता.

मग त्याला आठवलं. नवरी आठवत नव्हती, पण हे आठवलं. ह्याच खोलीत नवरीचा बाप, सोमाजी, त्याच्या खुर्चीमागे उभा होता. पागोटं, खांद्यावर नवी घोंगडी. तो म्हणाला होता, “ह्यो बायांचा कालवा कशाला ठिवतूस? काढून टाक समदा. चांगलं गाणं टाक, लोकं बघत्याल.” आणि गोरखने टाकलं होतं. त्याला कोणी सांगावं लागतही नव्हतं, तेव्हा सगळेच तसं करायचे. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. त्या लग्नाचाही आवाज त्याने असाच पुसला असणार. शेकडो घरांतल्या बाया, म्हाताऱ्या, नवऱ्या गोरखने एकेक करून मुक्या केल्या होत्या, आणि वर त्याचं कौतुक झालं होतं.

त्याच्या मनात एक वाईट गोष्ट आली. पुढच्या काळातल्या काही सीड्यांत उखाणे शिल्लक होते. बाळासाहेबाचं नाव घेणाऱ्या नवऱ्या ह्या दोन तालुक्यांत काय कमी? एखादीचा आवाज उचलून इथे बसवला तर? मशीन करतंच की, शेजारचं घेऊन भोक बुजवतं. त्याने एक सीडी काढलीसुद्धा. एक पोरगी लाजत बाळासाहेबाचं नाव घेत होती. चांगला आवाज होता. बानूबाईला कळलं नसतं, ती स्वतःच म्हणाली होती की कानात येत नाही. ह्याचीच गोरखला भीती वाटली. ती त्या परक्या पोरीचा आवाज आपल्या लेकीचा म्हणून मरेपर्यंत कानात घेऊन बसली असती. त्याने सीडी परत डब्यात टाकली.

सोमवारी बानूबाई आणि सोमाजी दोघं आली. सोमाजी वाकला होता, काठी टेकत होता, पण जरब तीच.

“निघाला का आवाज?” बानूबाईने दारातूनच विचारलं.

“मावशे, चित्र निघालंय समदं. पण...”

“लाव.”

त्याने लावलं. सनई, ढोलक, गाणं. सोमाजीचा चेहरा लाल झाला. काठी फरशीवर आपटून तो ओरडला, “ह्ये गाणं कुणी घातलं रं मधी? पोरीचा आवाज कुटं हाय? कुणी सांगितलं व्हतं तुला?”

गोरखने त्याच्याकडे बघितलं. ओठांवर आलं होतं. मग तो म्हणाला, “मीच घातलं, तात्या. तवा तशीच पद्धत व्हती.”

“त्याला कशाला इचारताय?” बानूबाई म्हणाली. तिने पडद्यावरून नजर काढली नव्हती. “घरात कवा तिला बोलू दिलं व्हतं तुमी?”

सोमाजीलाही स्वतःचंच सांगणं आठवलं असावं, कारण तो खाली बघत काठीच्या टोकाने फरशीवरचा कसला तरी डाग उकरायला लागला.

“परत लाव,” बानूबाई म्हणाली.

ह्या वेळी उज्ज्वलाने मान वर केली तशी बानूबाईही बोलू लागली. हळू आवाजात, लेकीच्या ओठांवर डोळे ठेवून.

“काळ्या घोंगडीला पांढरी किनार, बाळासायबांचं नाव घेते, सोमाजीची लेक मी हुशार.”

तिचं म्हणून झालं. पोरीचे ओठ हलतच होते. बानूबाई पुढे झुकली.

“परत.”

पुन्हा तेच. पांढरी म्हणताना ओठ मिटायला हवे होते तिथे ते उघडे होते. उखाणा संपला तरी उज्ज्वला बोलत होती. तिची मान ताठ होती, नजर सरळ सासूकडे होती, आणि बोलणं संपलं तशी ती हसली. दारातल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. सासू हसत नव्हती. नवरदेव खाली बघत होता.

“ह्यो म्या शिकवलेला न्हाई,” बानूबाई म्हणाली. “हिनं दुसराच घेतला. स्वताचा केला. माझी लाजरी पोर, एवढ्या बायांम्होरं.” तिने पडद्यावरच्या ओठांपाशी बोट नेलं. “काय म्हणली असंल रं ही?”

बाहेर एसटीने हॉर्न दिला. बानूबाई वळली आणि तिने गोरखकडे असं बघितलं, की ती दुकानात आलीच नसती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

“तू व्हतास की तिथं,” ती म्हणाली. “कॅमेरा घिऊन म्होरंच हुबा व्हतास. तुझ्या कानानं ऐकलं असशील.”

ऐकलं होतं. कानाला कॅमेऱ्याचा हेडफोन लावलेला होता, म्हणजे दारातल्या बायकांच्याही आधी तिचा आवाज गोरखच्या कानात शिरला होता, अगदी जवळून. त्याने आठवून पाहिलं. त्या दिवशी बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता, ते आठवलं. कोणीतरी दिवा वर धर म्हणून ओरडत होतं, ते आठवलं. बुंदी फार गोड होती, तेही आठवलं.

“आठवंना, मावशे,” तो म्हणाला.

बानूबाईने मान हलवली. मग पदराने तोंड पुसून ती पडद्याकडे वळली.

“परत लाव.”

त्याने परत लावलं. गाणं पहिल्यापासून सुरू झालं.